‘डिफाय’ला मराठीत काय म्हणायचं? होमस्टेच्या पाट्या अडल्यात

यवतेश्वरची सून

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट चढलं की आमचा छोटासा होमस्टे लागतो. फुलांच्या दिवसांत गर्दी सुरू व्हायच्या आत अंगणात पाट्या लावायच्या आहेत. आसपास काय बघायचं त्याच्या दोन-दोन ओळी, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. इंग्रजी मजकूर पुण्याच्या एका मुलीनं लिहून दिलाय आणि चांगला लिहिलाय. मराठी माझ्याकडे आलंय आणि एकाच शब्दापाशी गाडी रुतलीय, कारण तिनं जिथं-तिथं ‘डिफाय’ वापरलंय.

अजिंक्यतारा: ‘द फोर्ट दॅट डिफाइड औरंगजेब.’

सडावाघापूर: ‘अ वॉटरफॉल दॅट डिफाइज ग्रॅव्हिटी.’

कास: ‘अ ब्यूटी दॅट डिफाइज डिस्क्रिप्शन.’

प्रतिसरकार: ‘द व्हिलेजेस दॅट डिफाइड द राज.’

आणि जेवणाच्या खोलीत लावायला: ‘वी डिफाय यू टू लीव्ह हंग्री.’

शब्दकोशात आव्हान देणे, विरोध करणे, अवज्ञा करणे, न जुमानणे असं सगळं एका रांगेत दिलंय. मी सगळीकडे ‘आव्हान देणे’ बसवून पाहिलं. औरंगजेबापर्यंत ठीक चाललं. पण ‘वर्णनाला आव्हान देणारे सौंदर्य’ वाचून आमचे मामंजी म्हणाले, वर्णनाशी कुस्ती लावलीय का? जेवणाच्या खोलीतलं वाक्य तर मला इंग्रजीतच नीट कळलेलं नाही. उपाशी जाण्याला विरोध, असं काहीतरी? पेंटर गुरुवारी येतोय. कुणीतरी मार्ग दाखवा.

विट्याचा पैलवान

ताई, एवढा विचार कशाला? ‘नडणे’ लिहा. औरंगजेबाला नडलेला किल्ला. ग्रॅव्हिटीला नडलेला धबधबा. इंग्रजांना नडलेली गावं. विषय एंड.

रात्रपाळी, सांगली

पैलवान, तू हसण्यावारी लिहिलंस, पण खरं सांगू का, ‘डिफाय’च्या अंगात जी खुमखुमी आहे ती ‘नडणे’मध्ये जेवढी उतरते तेवढी कोशातल्या एकाही शब्दात नाही. पाटीवर शोभणार नाही, एवढंच. ‘नडला’ म्हटलं की समोर कुणीतरी मोठा आहे, आपण त्याच्यापेक्षा लहान आहोत आणि तरी तोंडावर उभं राहिलोय, हे तिन्ही येतं. बरोबरीच्याला कुणी नडत नाही, त्याच्याशी नुसतं भांडतो.

ताई, मी सांगलीत एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक आहे. एजन्सीकडून आलेली इंग्रजी कॉपी मराठीत करणं हाच धंदा. हे ‘डिफाय’ आमच्याकडे सतत येतं. आमदार व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, डिफाय करतो, मोर्चा जमावबंदी डिफाय करतो, कुणीतरी कोर्टाचा आदेश डिफाय करतं आणि पुरवणीच्या पानावर एखादी नटी वय डिफाय करते. इंग्रजीत क्रियापद एकच, मराठीत चौघांची चार घरं. व्हिप झुगारला किंवा डावलला जातो. जमावबंदी मोडली जाते. आदेश धाब्यावर बसतो. आणि नटीचं वय, ते दिसत नाही, बस. तिथं क्रियापद शोधायला गेलात की ‘वयाला आव्हान देणारी अभिनेत्री’ असली भयानक मराठी तयार होते आणि ती आमच्याकडे छापूनही येते.

तेव्हा ‘डिफाय’चा अर्थ काय हे विचारू नका, ‘डिफाय’च्या पुढे काय बसलंय ते बघा. हुकूम बसलाय, माणूस बसलाय, निसर्गाचा नियम बसलाय की ‘डिस्क्रिप्शन’सारखी हवेतली गोष्ट बसलीय, त्यावर मराठी ठरतं.

आता हे आपले शब्दही दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘झुगारणे’ला आधी अंगावर काहीतरी असावं लागतं. जोखड, बंधन, पक्षाचा आदेश. जे अंगावर नाहीच ते झुगारणार कसं? ‘धुडकावणे’ला समोरून काहीतरी यावं लागतं. मागणी, सल्ला, प्रस्ताव, इशारा. इथं एक गोम आहे. मराठीत प्रस्तावही धुडकावता येतो, पण इंग्रजीत ऑफर डिफाय होत नाही, ती रिजेक्ट होते. म्हणजे ‘डिफाय’ला ‘धुडकावणे’ चाललं तरी प्रत्येक ‘धुडकावणे’ला ‘डिफाय’ चालेलच असं नाही. ‘धाब्यावर बसवणे’मध्ये बेपर्वाई आहे. नियम धाब्यावर बसवणाऱ्याला नियमाशी दोन हात करायचेच नसतात, त्याच्या लेखी तो नियमच नसतो. त्याला इंग्रजीत ‘फ्लाउट’ जास्त जवळचं.

सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे ‘न जुमानणे’. पोलिसांना न जुमानता, पावसाला न जुमानता, डॉक्टरांना न जुमानता, कुठंही बसतो. आणि ‘दाद न देणे’ हा माझा लाडका. समोरचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय आणि ही वस्तू हलत नाही. कुलूप दाद देत नाही, ताप औषधाला दाद देत नाही, किल्ला तोफांना दाद देत नाही. इंग्रजीतलं ‘डिफाइड ऑल अटेम्प्ट्स’ ते हेच.

आणखी एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ‘डिफाय’ उघड असतं. चोरून मोडलेला नियम डिफाय केलेला नसतो. रात्री गुपचूप वाळूचा ट्रॅक्टर काढणारा कायदा मोडतो, डिफाय करत नाही. याउलट गांधींनी मीठ उचलण्याच्या महिनाभर आधी, 2 मार्च 1930 ला, व्हॉइसरॉय आयर्विनला पत्र लिहून कळवलं होतं की मी कायदा मोडणार आहे. (ज्याच्या नावाचा पूल आमच्या सांगलीत कृष्णेवर उभा आहे, तोच हा आयर्विन.) त्या वर्षी आमच्याकडच्या बिळाशी गावच्या लोकांनी राखीव जंगलात शिरून जंगल कायदा मोडला तोही दिवसाढवळ्या, गाजावाजा करून. त्या चळवळीला हिंदीत ‘सविनय अवज्ञा’ म्हणतात, आपण ‘सविनय कायदेभंग’ म्हणतो. मला आपलं बरं वाटतं. ‘अवज्ञा’ म्हटलं की ज्याची केली तो आपोआप वडीलधारा ठरतो आणि करणारा कार्टा. सरकारला एवढा मान कशाला द्यायचा?

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी होतं, तरी पेपर काढत होतो. इंग्रजी कॉपी आली, ‘रेसिडेंट्स डिफाय इव्हॅक्युएशन ऑर्डर्स’. डेस्कवरच्या पोरानं इमानदारीत मराठी केलं: ‘नागरिकांनी स्थलांतराचा आदेश धुडकावला’. शब्दाला शब्द बरोबर. मी ते कापलं. माझी मावशी त्याच पट्ट्यातल्या एका गावात होती. दावणीला दोन म्हशी, त्यातली एक गाभण, आणि होडीत म्हैस मावत नाही. मावशी माळ्यावर बसून होती आणि कासरा खिडकीच्या गजाला बांधलेला. म्हशीचं तोंड पाण्याच्या वर राहतंय की नाही हे बॅटरी मारून बघायची, मग बॅटरी विझवायची, सेल संपू नयेत म्हणून. तिनं कुणाला काय धुडकावलं होतं? कलेक्टरचा आदेश तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता. मी मथळा केला, ‘जनावरं सोडून निघायला लोक तयार नाहीत’. दोन शब्द जास्त झाले, टाइप बारीक करावा लागला. ‘डिफाय’ लिहिणारा लांब बसलेला होता. त्याला आदेश दिसत होता, म्हैस दिसत नव्हती.

म्हणून इंग्रजीत ‘डिफाय’ आलं की मी आधी बघतो, हा माणूस खरंच कुणाच्या समोर उभा राहिलाय का. नसेल तर मराठीत त्याला बंडखोर करायचा नाही.

तुमच्या पाट्यांवर येतो. जरा पानं लावून येतो.

काळा कोट, कराड

उपसंपादकसाहेबांच्या ‘कोर्टाचा आदेश’वर थोडं. इथं ‘आव्हान देणे’ वापरलंत तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले’ म्हणजे पक्षकार रीतसर अपिलात किंवा रिटमध्ये गेला. हा त्याचा हक्क आहे, त्याला कुणी शिक्षा करत नाही. ‘डिफाइड द ऑर्डर’ म्हणजे त्यानं आदेश माहीत असून जाणूनबुजून पाळला नाही. त्याला 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याखाली नोटीस लागू शकते. त्या कायद्यात दिवाणी अवमानाची व्याख्याच ‘विलफुल डिसओबीडियन्स’ अशी आहे, म्हणजे हेतुपुरस्सर केलेला आदेशभंग. एक कायद्याच्या दारातून आत जातो, दुसरा दाराला लाथ मारतो. माझ्याकडे एक पक्षकार बातमीचं कात्रण घेऊन आले होते, ‘ग्रामपंचायतीचे न्यायालयाच्या आदेशाला आव्हान’. अपील नंबर काय, विचारलं. अपील नव्हतंच, सरपंचांनी स्थगिती असताना भिंत बांधली होती!

व्हिपचंही तसंच. 1985 मध्ये राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आल्यापासून व्हिप झुगारून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. तिथं ‘पक्षाला आव्हान’ असा गुळमुळीत शब्द वापरला तर वाचकाला गांभीर्य कळत नाही.

औंधची बाई

मी शाळेत इंग्रजी शिकवते. पोरं हमखास ‘डिफाइड अगेन्स्ट द किंग’ लिहितात, कारण डोक्यात मराठी ‘च्या विरुद्ध’ असतं. ‘डिफाय’च्या पुढे शब्दयोगी काही लागत नाही, कर्म थेट येतं. ‘अगेन्स्ट’ हवंच असेल तर ‘रिबेल’ वापरा. ‘टू’ येतो तो फक्त सूनबाईंच्या जेवणाच्या खोलीतल्या वाक्यात, आणि तिथं अर्थच पालटतो.

‘आय डिफाय यू टू’ हा या क्रियापदाचा जुना अवतार आहे. मूळ फ्रेंचमधून आलंय, त्याच्यामागे लॅटिनमधला ‘फिडेस’ म्हणजे इमान, विश्वास. ‘कॉन्फिडन्स’मध्ये आहे तोच. मुळात ‘डिफाय’ म्हणजे इमान मोडलं असं जाहीर करणं, धन्याला तोंडावर सांगणं की आजपासून मी तुझा चाकर नाही, ये लढायला. फ्रेंचमध्ये ‘डेफी’ म्हणजे अजूनही आव्हानच. कोशातलं ‘आव्हान देणे’ तिथून आलंय. आजच्या इंग्रजीत तो अर्थ मुख्यतः या एका साच्यात उरलाय. ‘आय डेअर यू’ म्हणजे हिंमत असेल तर कर. ‘आय डिफाय यू’ म्हणजे हिंमत असली तरी तुला जमायचं नाही, मला खात्री आहे. म्हणजे यजमान म्हणतायत, आमच्याकडून उपाशी जाऊन दाखवाच.

यवतेश्वरची सून

बाई, ‘उपाशी जाऊन दाखवाच’ हे सासूबाईंना एवढं आवडलं की त्या म्हणाल्या, बाकीच्या पाट्या राहू देत, ही आधी रंगवा.

अजिंक्यताऱ्यासाठी ‘औरंगजेबाला दाद न देणारा किल्ला’ असं करू का? कासला ‘शब्दातीत सौंदर्य’? धबधब्याला ‘गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा’?

रात्रपाळी, सांगली

पानं सुटली. आता निवांत.

अजिंक्यतारा. ‘दाद न देणारा’ शब्द बरोबर, पण नुसतं तेवढं लिहिलंत तर इतिहास वाचणारा पाहुणा चहा पिता पिता तुम्हाला पकडेल. औरंगजेब स्वतः डिसेंबर 1699 मध्ये साताऱ्याखाली येऊन बसला. वर किल्ला लढवायला प्रयागजी प्रभू. एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. त्यातला एक असा फुटला की तट आत पडायच्या ऐवजी बाहेर कोसळला आणि खाली हल्ल्याला तयार उभं असलेलं मोगलांचंच सैन्य त्याखाली गाडलं गेलं. पण मार्चमध्ये राजाराम महाराज गेले होते, आणि एप्रिल 1700 मध्ये किल्ला द्यावा लागला. बादशहानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला. म्हणजे ‘डिफाइड’ खरंय, पण काही काळापुरतं. ‘औरंगजेबाच्या फौजेला चार महिने दाद न देणारा किल्ला’ असं करा. इंग्रजीतही ‘फॉर फोर मंथ्स’ घाला. चार महिने हा आकडा त्या वाक्याला खाली ओढत नाही, उलट उचलतो. हिंदुस्थानचा बादशहा जातीनं चार महिने खाली बसून होता, काय कमी आहे?

सडावाघापूर. तारळ्याकडून पाटणला जाताना पठारावर पवनचक्क्या लागतात, तिथंच ना? मी जुलैत गेलो होतो. कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की पाणी डोक्यावरून नाही, पायाकडून येतं. शर्टाच्या आत खालून शिरतं. माझी छत्री उलटी झाली, ती उलटीच बरी म्हणून तशीच धरली. दरीतून वर चढणारा वारा कड्यावर आपटतो आणि ओढ्याचं पाणी खाली पडूच देत नाही, तुषार करून मागं पठारावर फेकतो. वारा पडला की तोच धबधबा मुकाट खाली पडतो. गुरुत्वाकर्षण कुठं गेलेलं नाही, वाऱ्यापुढे घटकाभर हरतं इतकंच. शिवाय ‘गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा’ म्हणजे पाटीपेक्षा शब्द मोठा. तिथली माणसं त्याला ‘उलटा धबधबा’ म्हणतात. दोन शब्दांत चित्र उभं राहतं. तेच लिहा, आणि खाली ‘वारा असेल तरच’ हे लिहा, नाहीतर पाहुणे परत येऊन तुमच्याशी वाद घालतील.

कास. ‘शब्दातीत’, ‘अवर्णनीय’ हे शब्द लग्नपत्रिकेतल्या ‘आग्रहाचे निमंत्रण’सारखे झालेत, कुणी वाचत नाही. इंग्रजीत ‘डिफाइज डिस्क्रिप्शन’ही तसंच घासून गुळगुळीत झालंय. तिथं मी ‘डिफाय’ सोडूनच देईन आणि वर्णन करीन. 2012 पासून जागतिक वारसा, जांभ्या कातळावर जेमतेम माती, आणि त्यावर सीतेची आसवं. त्या एवढ्याशा निळ्या-जांभळ्या फुलाच्या झाडाला त्या मातीत पोट भरण्याएवढं मिळत नाही, म्हणून ते मुळापाशी बारीक पिशव्या करून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. हे वाचल्यावर पाहुणा गुडघ्यावर बसून फूल बघेल. ‘शब्दातीत’ वाचून तो सेल्फी काढेल.

प्रतिसरकार. इथं ‘डिफाइड’ मला कमीच वाटतं. नाना पाटील आणि त्यांच्या माणसांनी 1943 पासून इंग्रज सरकारला नुसतं जुमानलं नाही असं नाही, स्वतःचं सरकार चालवलं. न्यायनिवाडे केले, तुफान सेना उभी केली, कमी खर्चात गांधी विवाह लावले. ‘इंग्रज सरकारला न जुमानता स्वतःचं सरकार चालवणारी गावं’ असं करा. आणि त्यात कुंडल, वाळवा घालणार असाल तर ‘आता सांगली जिल्ह्यात’ हे लिहायला विसरू नका. तुमच्या पाटीवर आमची गावं फुकट जाऊ देणार नाही!

औंधची बाई

साहेब, कुंडलवर तुमचाही हक्क थोडा उशिराचाच. त्या काळी कुंडल साताऱ्यात नव्हतं, आमच्या औंध संस्थानात होतं. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये झाला, त्याला सांगली नाव मिळालं 1960 मध्ये. आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्येच प्रजेच्या हाती कारभार दिला होता. म्हणजे कुंडलच्या लोकांना झुगारायला स्वतःचा राजा नव्हताच, पलीकडचा इंग्रज होता. सूनबाई, पाटीवर साताऱ्यातलंच काही हवं असेल तर शेणोली घाला. कराड तालुक्यात आहे. जून 1943 मध्ये प्रतिसरकारच्या लोकांनी शेणोलीजवळ गाडी अडवून पगाराची रक्कम लुटली. पुण्या-मुंबईहून कोल्हापूर लाइननं येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनही ओळखीचं असतं.

विट्याचा पैलवान

म्हणजे शेवटी इंग्रजांना नडलेच ना?

रात्रपाळी, सांगली

नडले. पण ताईंच्या पाटीवर ‘न जुमानता’ राहू दे, पुरवणीत तुझा लेख आला की ‘नडले’ मी स्वतः मथळ्यात घेतो.

यवतेश्वरची सून

सगळं उतरवून घेतलं. पुण्याच्या मुलीलाही फोन केला, ती इंग्रजीत ‘फॉर फोर मंथ्स’ घालायला लगेच तयार झाली. ‘डिफाइज डिस्क्रिप्शन’ काढायला मात्र ऐकत नव्हती, तिला सीतेच्या आसवांच्या पिशव्यांचं सांगितलं तेव्हा म्हणाली, हे आधी का नाही सांगितलं. वकीलसाहेब, एक तुम्हाला विचारायचं राहिलं. गेटवर ‘रात्री दहानंतर स्पीकर बंद’ अशी पाटी आहे आणि दर शनिवारी एक तरी ग्रुप ती वाचून, हसून, स्पीकर चालू ठेवतो. हे ‘डिफाय’ की ‘धाब्यावर’?

काळा कोट, कराड

वाचून हसले म्हणजे धाब्यावर. तुम्ही जाऊन सांगितल्यावरही आवाज वाढवला तर डिफाय. दोन्हींत 112 लावा, ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकरला बंदीच आहे.